तरंगत्या गाड्यांचा पाहणी अहवाल

चित्रपट बघून बाहेर पडलेल्या माणसाला मत असावं लागतं, हे मला फार उशिरा कळलं. मी आपला समजत होतो, तिकीट असलं की पुरे.

आमच्या घरात चित्रपटांची आवड हिला, आणि तीही मारामारीच्या. ही दाताच्या दवाखान्यात स्वागताच्या टेबलापाशी बसते. आतून येणारे आवाज ऐकत बाहेरच्यांना हसतमुखानं "घाबरू नका हं, अजिबात दुखत नाही" असं सांगण्यात हिचा दिवस जातो. त्यामुळे संध्याकाळी पडद्यावर कोणी कोणाला राजरोस बदडत असलं आणि मार खाणारा दुखतंय असं मोकळेपणानं कबूल करत असला, की हिला फार बरं वाटतं. उन्हाळा आला की असे चित्रपट ओळीनं लागतात. पाठलाग, अपहरण, उंच इमारतींच्या काचा, चालत्या आगगाडीच्या टपावरचे गैरसमज. ही त्यातला एकही सोडत नाही.

माझं म्हणाल तर मी विमा कंपनीत नोकरीला आहे. अपघात झालेल्या गाड्यांची पाहणी करणं हे माझं काम. कुठे चेपलंय, कशानं चेपलंय आणि ते मालक म्हणतो त्याच दिवशी चेपलंय का, हे मी ठरवतो. दिवसभर चेपलेल्या गाड्या पाहिलेल्या माणसानं संध्याकाळी पुन्हा तिकीट काढून त्या चेपताना का पाहाव्यात, हा प्रश्न मी हिला कधी विचारला नाही. मी मुकाट्यानं जात असे. बाहेरच्या भट्टीतून त्या गार अंधारात शिरलो, खुर्चीनं पाठ जवळ घेतली, दिवे हळूहळू मालवले, की मी झोपत असे. झोपत असे म्हणणंही बरोबर नाही. मी विरघळत असे.

याबद्दल हिची तक्रार नव्हती. तक्रार होती ती परतीच्या रस्त्याबद्दल. चित्रपटगृहापासून आमच्या घरापर्यंत चालत यायला एक सरळ रस्ता आहे. दोन्ही बाजूंना झाडं, एक बंद पडलेला पेट्रोल पंप, मग शाळेची लांबच लांब भिंत, आणि वळणावर आमची इमारत. लग्न झालं तेव्हापासून त्या रस्त्यानं येताना ही बोलायची. खुनी आपल्याला कधीच कसा कळला होता, नायिकेनं ती पिशवी तिथे ठेवायलाच नको होती, तो शेवटचा स्फोट जरा आधी व्हायला हवा होता. मी "हं" म्हणायचो. बरीच वर्षं "हं" वर चाललं. मग गेल्या उन्हाळ्यात कधीतरी शाळेच्या भिंतीपाशी ती थांबली आणि म्हणाली, "तुमचं काय मत?"

"छान होता," मी म्हणालो.

"कोण?"

तिथून वळणापर्यंत ही माझ्या चार पावलं पुढे चालली.

या उन्हाळ्याचा पहिला चित्रपट लागला, 'पोलादी पाठलाग'. पोळी वाढता वाढता ही सहज म्हणाली, "यंदा मी दुसऱ्या मजल्यावरच्या टीचरबरोबर जाणार आहे. त्यांना बोलायला आवडतं. तुम्ही घरी नीट पडा, मान तरी अवघडणार नाही." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. अहो, रागावर उपाय असतो. मानेच्या काळजीवर मात्र उपाय नसतो. तो रस्ता आता टीचरच्या वाट्याला जाणार होता आणि मला तो परत हवा होता. दुसरं काहीही नको होतं.

तेव्हा मी ठरवलं, की हिच्या आधी जायचं, 'पोलादी पाठलाग' पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत टक्क जागा राहून बघायचा आणि स्वतःचं असं एक मत घेऊन घरी यायचं.

जागं राहायला काय घ्यावं हे विचारायला मी तळमजल्यावरच्या केमिस्टकडे गेलो. हा माणूस गेल्या कित्येक वर्षांत चित्रपटगृहाच्या पायरीवरही चढलेला नव्हता, पण गिऱ्हाइकांकडून ऐकून ऐकून त्याच्याकडे मतांचा चांगला साठा झाला आहे. खोकल्याच्या औषधाबरोबर एखादं मत तो तसंच देऊन टाकतो. "'पोलादी पाठलाग' ना? पहिला भाग घट्ट आहे, दुसरा सैल. हेच नेऊन सांगा वहिनींना, कशाला जाताय?" तो म्हणाला. मी ताठ्यानं सांगितलं, की मला माझं स्वतःचं मत हवंय. त्यानं माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं.

"मग एक करा, एक नंबर लहान बूट घालून जा. बूट चावत असताना माणूस झोपूच शकत नाही. गोळीपेक्षा बरं, पोटाला त्रास नाही."

मी बूट घेतले. दुकानदारानं, "साहेब, टाच आत जात नाहीये," असं दोनदा सांगितलं. मी म्हणालो, "तसेच पाहिजेत." त्यानंतर तो माझ्याशी फार जपून बोलला.

अर्धी रजा टाकून मी दुपारच्या खेळाला गेलो. कोपऱ्यातली खुर्ची मिळाली. बूट इमानानं चावत होते. चित्रपट सुरू झाला, बंदराचं शहर दिसलं, एक काळी गाडी फाटक तोडून बाहेर पडली आणि तिच्यामागे पोलिसांच्या गाड्या लागल्या. मी ताठ बसून बघत होतो. पुढे काय झालं ते मी तुम्हाला जसं पाहिलं तसंच सांगतो.

पाठलाग चालू असताना गाड्या दमल्या. आधी मागच्या दमल्या, मग काळीही दमली, आणि एकेक करून सगळ्या रस्त्याच्या कडेला टेकल्या. कोणी इंजिन बंद केलं नाही, ती आपणहून पुटपुटत शांत झाली. मग रस्त्यावर पाणी आलं. कोमट, स्वच्छ, तळ दिसेल असं. ते चाकांपर्यंत चढलं, दारांपर्यंत चढलं, आणि सगळ्या गाड्या हलकेच उचलल्या जाऊन तरंगू लागल्या. त्यांचे दिवे चालूच होते. सगळ्या शहरभर पिवळा उजेड पाण्यावर डुलत होता. तेवढ्यात खलनायक, तोच, गालावर व्रण असलेला, पाण्यातून चालत आला आणि अदबीनं म्हणाला, "साहेब, एवढा डाव्या बाजूचा दरवाजा बघता का? हे माझ्याकडून झालेलं नाही. गाडी धड परत आण म्हणून घरून बजावलंय हो." मी दरवाजा पाहिला. पोचा जुनाच होता. तसं मी त्याला लिहून दिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मागे नायक हातात निखळलेला बंपर घेऊन रांगेत उभा होता. मी कोणालाही परत पाठवलं नाही. सगळे आपापल्या घरी गेले आणि दिवे लागले.

बाहेर आलो तेव्हा मला हुशारी वाटत होती. सबंध चित्रपट पाहिला होता! कथा पहिल्यापासून शेवटपर्यंत तोंडपाठ होती. बूट तेवढे पायांत सैल का झाले आणि नाड्या कोणी सोडल्या, याचा मी फारसा विचार केला नाही.

इमारतीच्या दारातच सेक्रेटरी भेटले. आमचे सेक्रेटरी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. "कसा आहे?" त्यांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी हा प्रश्न विचारला आणि माझ्याकडे उत्तर होतं. मी सांगत गेलो. सेक्रेटरी ऐकत गेले. शेवटी म्हणाले, "हे तोंडी उपयोगाचं नाही. लेखी द्या. फलकावर लावू. सभासदांचा फुकट जाणारा वेळ वाचेल."

लेखी द्यायचं म्हटल्यावर माझा हात आपोआप कामाच्या सवयीनं चालला. फलकाच्या काचेआड कागद लागला तो असा. विषय: 'पोलादी पाठलाग' पाहण्याबाबत. वाहनांची स्थिती: सर्व वाहने तरंगती, दिवे चालू. मनुष्यहानी: नाही. डावा दरवाजा: पोचा जुना, खलनायकाने स्वतः दाखवला. खलनायक: स्वभावाने भला, परिस्थितीने गांजलेला. शिफारस: कुटुंबासह पाहावा, वडीलधाऱ्यांना विशेष आवडेल. खाली सेक्रेटरींनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "हरकत असल्यास मुदतीत कळवावी," आणि शिक्का मारला. मुदत कोणती ते लिहायचं राहून गेलं, त्यामुळे कायद्यानं ती अजून संपलेली नाही.

हरकत कोणाची आली नाही. उलट जो तो कागद वाचून माझ्याकडे आदरानं बघू लागला. विमा कंपनीचा माणूस, गाड्यांमधलं याला कळणारच! केमिस्टच्या आईनं, ज्यांना सगळे आजी म्हणतात, तो कागद नातवाकडून दोनदा वाचून घेतला. "मला त्या तरंगणाऱ्या गाड्या बघायच्यात," त्या म्हणाल्या. गुडघ्यांमुळे त्या बरेच दिवस तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरल्या नव्हत्या. केमिस्टनं खुर्चीवर बसवून त्यांना जिन्याच्या पायऱ्या उतरवल्या. त्यांच्यामागोमाग निम्मी इमारत गेली, आणि हीही टीचरबरोबर गेली.

मी गॅलरीत टॉवेल वाळत घालत उभा होतो तेव्हा त्या दोघी परत येताना दिसल्या. शाळेच्या भिंतीपाशी थांबून ही दोन्ही हातांनी काहीतरी उलटंपालटं करून दाखवत होती, बहुतेक ट्रक असावा, आणि टीचर पोट धरून हसत होत्या. मला हेवा वाटला. सरळच सांगतो, मला त्या टीचरचा इतका हेवा वाटला की टॉवेल खाली पडला तो मी आणायलाही गेलो नाही.

ही वर आली. चपला काढता काढता म्हणाली, "गाड्या तरंगत होत्या?"

"हो. दिवे लावून."

"आणि तो व्रणवाला तुम्हाला दरवाजा दाखवायला आला?"

"आला ना. बिचारा."

हिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "बरं," म्हणाली आणि आत गेली. मला वाटलं, माझ्या मताचा प्रभाव पडलाय.

बाकीच्यांचा सूर मात्र वेगळा होता. त्यांनी पाहिलेल्या 'पोलादी पाठलागा'त म्हणे पहिल्या स्फोटानंतर पाच मिनिटांत बंदरच उरलं नव्हतं. खलनायक शेवटपर्यंत गांजलेला वगैरे नव्हता, उलट त्यानंच सगळ्यांना गांजलं होतं. कोणाच्या कानात अजून गुणगुणत होतं, कोणाच्या मुलानं रात्री दिवा मालवू दिला नव्हता. एवढं ऐकल्यावर खरं तर माझी धिंड निघायला हवी होती. पण आजी माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या. "हा खोटं कशाला सांगेल?" त्या म्हणाल्या. "त्या थेटरवाल्यानंच तेवढा भाग कापलाय. चांगलं असेल ते कापायचं, ही हल्ली पद्धतच झालीय."

हे सगळ्यांना पटलं. कापलेला भाग परत मिळावा म्हणून शिष्टमंडळ निघालं. सेक्रेटरी, केमिस्ट, खुर्चीवर बसलेल्या आजी, आणि साक्षीदार म्हणून मी.

चित्रपटगृहाचा मॅनेजर बारीक चणीचा, कायम झोप अपुरी राहिल्यासारखा माणूस होता. त्याची खोली जिन्याखाली होती आणि तिथे उभं राहिलं की डोकं तिरकं धरावं लागे. आम्ही सगळे तिरक्या डोक्यांनी उभे राहिलो. "आम्हाला जसा आला तसा दाखवला हो," तो म्हणाला. सेक्रेटरी म्हणाले, हे तुम्ही लेखी द्या. मॅनेजर म्हणाला, तक्रार लेखी आली तर उत्तर लेखी जाईल. सेक्रेटरी म्हणाले, उत्तर कोणत्या मुदतीत मिळेल हे कळल्याशिवाय तक्रार कशी करायची? दोघांच्या चेहऱ्यांवर एकदम एक समाधान पसरलं. बऱ्याच दिवसांनी दोघांनाही बरोबरीचा माणूस भेटला होता.

आजींना धीर नव्हता. "तू सांग रे याला," त्या मला म्हणाल्या. मी सांगितलं. पाण्याचा रंग सांगितला, दिव्यांचा उजेड कसा डुलत होता ते सांगितलं, डाव्या दरवाजावरचा पोचा किती जुना होता तेही सांगितलं. मॅनेजर रोज चारही खेळ मागच्या झरोक्यातून बघणारा माणूस, पण माझं ऐकता ऐकता त्याच्या चेहऱ्यावर शंका दाटली. आपल्याच नजरेतून एवढं पाणी निसटलं कसं, असं त्याला वाटू लागलं असावं. मग एकाएकी त्यानं विचारलं, "साहेब, तुम्ही कुठे बसला होतात?"

"शेवटून दुसरी रांग. कोपऱ्यात."

"एसीच्या तोंडाखाली?" मॅनेजर म्हणाला. आणि मग फार हळुवारपणे, "शुक्रवारी नवीन लागतोय. 'धुरातला साक्षीदार'. तुम्ही सगळे एका रांगेत बसा, साहेबांना मध्ये घ्या. जे काय दिसेल ते सगळ्यांना एकदमच दिसेल."

सेक्रेटरींना ही कल्पना फार आवडली. आमच्या धंद्यातही दावा वादाचा झाला की दुसऱ्यांदा, साक्षीदारांसमक्ष पाहणी होते. माझी काहीच हरकत नव्हती. हरकत एकच होती. बसण्याचा नकाशा सेक्रेटरींनी काढला आणि त्यात माझ्या डाव्या हाताला स्वतः, उजव्या हाताला "पत्नी, देखरेखीसाठी" असं लिहिलं. ही येईल की नाही याची मला खात्री नव्हती. शुक्रवारी संध्याकाळच्या खेळाला ही आली. टीचर तिच्या पलीकडे बसल्या. आजी रांगेच्या टोकाला, पाय लांब करून.

मी तेच बूट घातले होते. या वेळी नाड्यांना दुहेरी गाठ होती. आज मी बोलणार होतो. चित्रपट संपल्यावर रस्त्यात, पेट्रोल पंप यायच्या आत, हिनं विचारायच्या आधीच मी मत देणार होतो. मी डोळे मोठे केले. दिवे मालवले. धूर आला, धुरात एक साक्षीदार आला, आणि त्याच्यामागे कोणीतरी पिस्तूल रोखलं.

धूर निवळला तेव्हा खाली पाणी होतं. तेच शहर, तेच कोमट पाणी, त्याच गाड्या. मला आनंद झाला. म्हणजे दुसरा भाग होता तर! मी एका लहानशा गाडीत बसून तरंगत होतो. चालवायचं असं काही नव्हतं. खलनायक गुडघाभर पाण्यात वाकून काहीतरी शोधत होता. "साहेब, माझा एक बूट दिसला का? फार चावत होता, काढून ठेवला आणि गेला वाहून." मी म्हणालो, "शोधा, शोधा, मिळेल." माझ्या गाडीच्या बाजूनंच दुसरी गाडी तरंगत होती. तिच्यात ही होती. ही बोलत होती. हातांनी काहीतरी उलटंपालटं करून दाखवत होती, हसत होती, पण मध्ये दोन्ही गाड्यांच्या काचा होत्या आणि मला एक शब्दही ऐकू येत नव्हता. मी काच खाली करायची मूठ फिरवत होतो. फिरवत होतो, फिरवत होतो, आणि काच केसभरच सरकत होती.

दिवे लागले.

माझी सबंध रांग पडदा सोडून माझ्याकडे बघत होती. पुढच्या रांगेतली, मला अजिबात न ओळखणारी माणसंही खुर्च्यांवर हनुवट्या टेकवून वळलेली होती. पाठीमागे पडद्यावर 'धुरातला साक्षीदार' संपल्याची नावं चढत होती आणि त्यांच्याकडे कोणाचंही लक्ष नव्हतं.

"मग त्याला बूट मिळाला का रे?" टोकावरून आजींनी विचारलं.

मला काही उमगेना. सेक्रेटरींनी घसा साफ केला. सभेचा वृत्तांत सांगावा तशा आवाजात ते म्हणाले, "तुम्ही पहिल्या गोळीलाच झोपलात. त्यानंतर आपण झोपेत बोललात. सुरुवातीला सभासदांनी दुर्लक्ष केलं. पण पडद्यावरचा साक्षीदार काही बोलेना आणि तुम्ही बोलत होतात, त्यामुळे हळूहळू सर्वांचं लक्ष इकडे वळलं. पाण्याचा उल्लेख आला, गाड्यांचा आला, बुटाचा आला. म्हणजे तरंगत्या गाड्या कापलेल्या नाहीत, त्या तुमच्याकडेच आहेत, हे सिद्ध झालं. त्यानंतर..."

"त्यानंतर काय?" मी विचारलं.

सेक्रेटरी पहिल्यांदाच अडखळले. टीचर छताकडे बघू लागल्या. केमिस्टनं चष्मा पुसायला घेतला.

"त्यानंतर तुम्ही म्हणालात," सेक्रेटरी एकदम साध्या आवाजात म्हणाले, "'बोल ना. मी ऐकतोय. थांबू नकोस, काच खाली होतेच आहे.' हे बऱ्याच वेळा म्हणालात."

हिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. मी खाली बघितलं. दुहेरी गाठ मारलेला डावा बूट पायात नव्हता. तो पुढच्या रांगेखाली सापडला, एका अनोळखी बाईंनी तो वाकून काढून दिला. आजींनी समाधानानं मान हलवली.

मंडळी मागे रेंगाळली, आजींची खुर्ची सावकाश येत होती. आम्ही दोघं पुढे निघालो. टीचर येणार म्हणून मी जरा बाजूला सरकलो, तर टीचर मागेच थांबून सेक्रेटरींशी काहीतरी बोलत राहिल्या. त्यांना सेक्रेटरींशी बोलायला आवडतं असं मी कधी ऐकलं नव्हतं. बाहेर अंधार पडला होता, रस्त्यावरचे दिवे लागले होते. पेट्रोल पंप आला. मी ठरवलेलं मत द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्याकडे काही नव्हतं.

शाळेची भिंत सुरू झाली तशी ही म्हणाली, "तो साक्षीदार आहे ना, तोच खुनी होता. मला पहिल्यापासून माहीत होतं."

"तू कधी पाहिलास? तू तर माझ्याकडे..."

"एक डोळा होता पडद्यावर. ऐका तर. धूर येतो तेव्हा सगळे खोकतात, आणि हा एकटाच खोकत नाही. तिथेच मी म्हटलं! आणि ती इन्स्पेक्टर बाई, तिनं ती पेटी जिन्यात ठेवायलाच नको होती. कोणी ठेवतं का? आणि तो ट्रक असा, असा आला..."

ती हातांनी ट्रक दाखवत होती. मी ऐकत होतो. एकही "हं" म्हणालो नाही, मला तेवढी फुरसतच नव्हती. पेटीत काय होतं हे मला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. दोन्ही टाचा सोलवटल्या होत्या आणि प्रत्येक पावलाला ब्रह्मांड आठवत होतं, पण मी चाल कमी केली नाही, कारण मी थांबलो असतो तर तीही थांबली असती.

वळण आलं. आमची इमारत आली. ट्रक अजून हवेतच होता. ही फाटकाशी एक क्षण घुटमळली, मग बोलता बोलताच तशीच पुढे निघाली, आणि मी तिच्याबरोबर.

सकाळी सेक्रेटरी फलकाची काच उघडून उभेच होते. 'धुरातला साक्षीदार' बद्दल लेखी हवं होतं. मी अनवाणीच खाली गेलो, कारण पायात काही घालण्याची सोय नव्हती, आणि लिहून दिलं. चित्रपट: पाहिलेला नाही. परतीचा रस्ता: उत्तम स्थितीत. त्रुटी: लांबी कमी आहे.

सेक्रेटरींनी ते वाचलं, खाली हरकतीची ओळ लिहायला पेन टेकवलं, थोडा विचार केला आणि न लिहिताच शिक्का मारला.